बॅरल, टन, किलो, एससीएम: कच्चं तेल आणि गॅस विकताना नक्की मोजतात तरी कसं?

फडताळ

नमस्कार मंडळी. प्रश्न बावळट वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

गेल्या दिवाळीत आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला आणि तीस वर्षं सांभाळलेलं सिलिंडरचं पुस्तक मी परत केलं. मी बँकेतून निवृत्त, खर्चाची वही अजून रोज लिहिते. त्या वहीतच घोळ झालाय. सिलिंडर होता तेव्हा १४.२ किलो. आता बिलावर एससीएम. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचा सीएनजी परत किलोत. पेपरात कच्चं तेल ‘इतके डॉलर बॅरल’, आणि त्याच पानावर खाली ‘इतके लाख टन आयात’. गॅसचा भाव तर एमएमबीटीयू नावाच्या कशात तरी. जमिनीखालून एकत्र निघणाऱ्या वस्तूंना इतकी मापं कशाला?

भाच्याचं म्हणणं, बॅरल म्हणजे आपलं पाण्याचं निळं पिंप. मग जहाजात अशी लाखो पिंपं रचून आणतात का? मुंबई बंदरात तेलाचं जहाज लागलं की ते मोजतं कोण, कशाने? दूधवाल्याच्या मापावर माझा कधी विश्वास बसला नाही, म्हणून विचारते.

शंकेखोर

भाच्याचं पिंप २०० लिटरच्या पुढे भरतं. तेलाचा बॅरल १५९ लिटरचा. आणि पिंपं रचत नाहीत हो ताई, जहाजच एक मोठं पिंप असतं. बाकी जाणकार सांगतील. मी खुर्ची ओढून बसलोय.

टेपवाला

ताई, या प्रश्नावर माझं घर सत्तावीस वर्षं चाललं, बावळट कसा म्हणू? मी कार्गो सर्व्हेअर होतो. विकणाऱ्याचा माणूस नाही, घेणाऱ्याचाही नाही. दोघांनी निम्मे निम्मे पैसे देऊन बोलावलेला तिसरा. आता उरणला घरी असतो. गुडघे जहाजांच्या शिड्यांनी खाल्ले.

मुंबईत कच्च्या तेलाचं जहाज लागतं जवाहर द्वीपला. आम्ही जुने लोक अजून बुचर बेटच म्हणतो. लाँचने जायचं, आणि वेळ जहाज ठरवतं, त्यामुळे बहुधा रात्री दोन-तीनला. तिथे गेल्यावर आम्ही काय मोजतो? टाकीत तेल किती उंच आहे ते नव्हे, तेलाच्या वर रिकामं किती आहे ते. याला अलेज म्हणतात. टाकीच्या छतावर मनगटाएवढा व्हॉल्व्ह असतो, त्याला इलेक्ट्रॉनिक टेप बसवायची आणि हळूहळू खाली सोडायची. टेपच्या टोकाला तेल लागलं की सलग सूर वाजतो. तो सूर ऐकू आला की आकडा वाचायचा: समजा, १.३५ मीटर. मग त्या जहाजाची, त्याच टाकीची कोष्टकाची वही उघडायची. १.३५ मीटर रिकामं म्हणजे खाली इतके घनमीटर तेल, असं त्यात मिलिमीटरच्या हिशोबाने लिहिलेलं असतं.

रिकामी जागाच का? टाकी वीस-बावीस मीटर खोल. तळाशी मेणचट गाळ बसलेला असतो, टेपच्या टोकाचं वजन त्यात अडकलं की खरा तळ कळतच नाही. वरून मोजायला दीड मीटर पुरे. किनाऱ्यावरच्या टाक्यांत मात्र पुष्कळदा तळापासूनच मोजतात, त्याला डिप म्हणायचं. पेट्रोलपंपावर टँकरमध्ये काठी घालतात ना, तेच.

जहाज कधी सपाट उभं नसतं. मागून बुडालेलं, एका अंगाला कललेलं. त्यासाठी आकड्यात दुरुस्ती वेगळी. लाटा असल्या की सूर हलतो, मग पाच वेळा मोजून सरासरी. अशा बारा-चौदा टाक्या. प्रत्येक आकडा वाचताना शेजारी जहाजाचा चीफ ऑफिसर उभा असतो आणि त्याचीही वही उघडी असते.

पण उंची मोजणं हे सोपं काम. खरा पैसा तापमानात आहे.

उदाहरण घ्या. जहाजात सगळ्या टाक्या मिळून १,००,००० घनमीटर तेल भरलं, तापमान ३२ अंश. तेल तापलं की फुगतं. म्हणून जगात कच्चं तेल ‘आत्ता किती जागा व्यापतंय’ यावर विकत नाहीत. ‘१५ अंशाला असतं तर किती भरलं असतं’ यावर विकतात. मुंबई हायसारखं हलकं तेल, १५ अंशाला घनता ८३० (घनमीटरला इतके किलो) धरली, तर कोष्टकातला गुणक येतो ०.९८४८. म्हणजे १,००,००० चे झाले ९८,४८०. टाकीत डोळ्यांना दिसणाऱ्या तेलातले १,५२० घनमीटर कागदावर नाहीतच. १२ हजार लिटरचे सव्वाशे टँकर म्हणा. कोणी चोरले नाहीत, फुगवटा होता तो.

आता बघा, एका अंशाची चूक म्हणजे या मालात सुमारे ९० घनमीटर, साडेपाचशे बॅरलच्या पुढे. ७० डॉलर भाव धरला तर जवळजवळ ४० हजार डॉलर. एका अंशाचे. आजारी माणसाला ताप बघताना आपण इतकं जपत नाही.

माझ्या उमेदवारीतली गोष्ट सांगतो. तेव्हा टेपमध्ये तापमान येत नसे, पेल्यात बसवलेला काचेचा थर्मामीटर दोरीने सोडायचो. वरच्या, मधल्या, खालच्या थरात धरायचा, पारा स्थिर व्हायला वेळ द्यायचा, मग वर काढून पटकन वाचायचा. पेला कशाला? बाहेर काढल्यावर पाऱ्याभोवती तेच तेल राहावं म्हणून. एका बंदरात (नाव नको) डिसेंबरची रात्र, वारा सुटलेला. मी पेल्यातलं तेल सांडून, थर्मामीटर टॉर्चखाली धरून निवांत वाचत होतो. तीन टाक्या झाल्यावर माझे वरिष्ठ मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “तू तेलाचं टेंपरेचर घेतोस की वाऱ्याचं?” परत सगळ्या टाक्या करायला लावल्या. दीड अंशाचा फरक निघाला. मी थंड वाचत होतो, म्हणजे तेल कागदावर जास्त दिसत होतं, म्हणजे घेणाऱ्याला फुकट भुर्दंड. सकाळी त्यांनी मला चहा पाजला, पण बोलले नाहीत. तेव्हापासून घरी चपातीचं पीठसुद्धा मी दोनदा मोजतो, बायको वैतागते.

नंतर पाणी. तेलाखाली मोकळं पाणी बसतं. टेपचं टोक पाण्याला लागलं की सूर तुटक होतो. टेप नसेल तर वजनाला एक लुकण फासायचं, पाणी लागेल तिथवर त्याचा रंग बदलतो. ते पाणी वजा. तेलात मिसळलेलं पाणी आणि गाळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जातो. आमच्या उदाहरणात पाणी नुसतं ०.१ टक्का निघालं तरी सव्वासहाशे बॅरल गेले. पाण्याला तेलाचा भाव कोण देईल? दूधवाल्याचं तुम्हीच म्हणालात.

उरलेलं ते ‘नेट’. पैसे त्यावर.

बॅरल आणि टनाचं थोडक्यात. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला तेल लागलं तेव्हा हाताशी असतील ती दारूची-माशांची लाकडी पिंपं वापरली. गिऱ्हाइकं कुरकुरली. १८६६ मध्ये तिथल्या उत्पादकांनी ठरवलं की ४० गॅलनचा भाव घ्यायचा आणि वाटेत गळेल म्हणून वर २ गॅलन द्यायचे. ते ४२ गॅलन आजही चालू. लाकडी पिंप गेलं, माप राहिलं. आपल्याकडे पायली-मण गेले तरी जुनी माणसं त्यातच बोलतात, तसंच. टन मात्र रिफायनरीवाल्यांना सोयीचा, कारण वजन तापमानाने बदलत नाही. आमच्या उदाहरणातल्या तेलाचे एका टनाला साधारण ७.६ बॅरल होतात. जड तेलाचे कमी होतील. त्यामुळे टनाचं बॅरल करताना कुठलं तेल ते विचारल्याशिवाय गुणाकार करू नये. पेपरवाले सरसकट ७.३३ ने करतात.

शंकेखोर

काका, दंडवत. पण एक विचारतो. तुम्ही वाऱ्यावर दीड अंश चुकू शकता, तर मुद्दाम चुकणारेही असतील. भरतानाचा आकडा आणि उतरवतानाचा आकडा जुळतो का कधी?

टेपवाला

कधीच नाही. जुळला तर मी घाबरलो असतो.

एका मालाचे चार आकडे असतात. भरण्याच्या बंदरात किनाऱ्यावरच्या टाकीचा (किंवा मीटरचा), तो बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजात चढल्याच्या पावतीवर) चढतो आणि पैसे बहुधा त्यावर ठरतात. मग तिथला जहाजाचा. मग इथे पोचल्यावर जहाजाचा. शेवटी इथल्या टाकीत उतरलं ते. वाटेत थोडं वाफ होऊन जातं, थोडं टाकीच्या भिंतींना चिकटतं. मेणचट तेल असेल तर भिंती त्याच तेलाच्या फवाऱ्याने धुवून काढतात, तरी तळाशी राहतंच. अर्धा टक्का घट धंद्यात बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात, त्यापुढे वाद. वादाची पहिली पायरी म्हणजे ‘लेटर ऑफ प्रोटेस्ट’. मी आयुष्यात इतकी निषेधपत्रं लिहिली की कामगार पुढारी लाजेल. भाषा मात्र अत्यंत सभ्य. पत्र दिल्यावर चीफ ऑफिसर आणि मी एकत्र नाश्ता करायचो.

प्रत्येक जहाजाची खोडसुद्धा असते. काहींची कोष्टकंच मुळात जरा जास्त दाखवणारी. म्हणून मागच्या बऱ्याच फेऱ्यांचे जहाज-किनारा आकडे ताडून त्या जहाजाचा एक गुणक काढतात. घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं हे माहीत असलेला माणूस गाडी चुकवत नाही, तसं.

मुद्दाम चुकणाऱ्यांबद्दल: तापमान आणि पाणी, खेळायच्या जागा याच दोन. म्हणूनच प्रत्येक आकड्याला दुसरी वही लागते. नमुन्याच्या बाटल्या सील करून दोन्हीकडे देतात, एक आम्ही ठेवतो.

आणि एक गंमत, जी मला स्वतःला पचायला वर्ष लागलं. आपण १५ अंश सेल्सियसला मोजतो. अमेरिकेत ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे १५.५६. अर्ध्या अंशाचा हा फरक नुसता करारात नीट लिहिला नाही, तर वरच्या ९८,४८० घनमीटरच्या, म्हणजे सहा लाख एकोणीस हजार बॅरलच्या मालात तीनशे बॅरल इकडचे तिकडे. वजनातही तसंच. हवेतलं वजन की निर्वातातलं? हवा तेलालासुद्धा किंचित उचलून धरते. या एका जहाजावर तो फरक शंभराहून जास्त टन. करारात दोन शब्द, ‘हवेत’ की ‘निर्वातात’, आणि शंभर टन तेल.

मुंबई हायचं तेल (१९७४ ला सापडलं, १९७६ ला उत्पादन सुरू) पाइपने उरणला येतं. पाइप असला की टेप नाही, मीटर. पण मीटरवर तरी विश्वास कोणी ठेवायचा? म्हणून शेजारी प्रूव्हर बसवतात: नेमक्या मापाचा जाड पाइप, त्यात एक रबरी चेंडू. तेल चेंडूला ढकलत नेतं. चेंडू पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर गेला म्हणजे इतकं तेल पुढे सरकलं हे पक्कं. तेवढ्यात मीटरने किती दाखवलं ते पाहायचं आणि फरकाचा गुणक लावायचा. वाण्याच्या काट्याला तपासणीचं वजन, तसा मीटरला चेंडू.

गॅसचं मला विचारू नका. आमच्या वस्तूला निदान तळ असतो.

दोहा_डायरी

गॅसचं मी सांगतो. मूळचा चिपळूणचा, कतारमध्ये रास लफानच्या गॅस बंदरावर मीटरिंगमध्ये आहे. दिवसभर गॅसच मोजतो आणि संध्याकाळी पोरांना मोजतो.

टेपवाल्या काकांचं तेल तापलं की दीड टक्का फुगतं. माझा गॅस दाबाखाली शंभरपट आकसतो. त्यामुळे ‘एक घनमीटर गॅस’ या वाक्याला तसा काही अर्थच नाही. कुठल्या दाबाचा, कुठल्या तापमानाचा? म्हणून ताई, तुमच्या बिलावरचा तो ‘एस’. स्टँडर्ड. १५ अंश सेल्सियस आणि समुद्रसपाटीचा हवेचा दाब, या अवस्थेतला एक घनमीटर.

पण तेही अर्धंच. गॅस आपण जाळायला घेतो, म्हणजे विकत घेतो ती उष्णता. शुद्ध मिथेनच्या एका घनमीटरमधून सुमारे ९,००० किलोकॅलरी मिळतात. इथेनमधून जवळजवळ पावणेदोन पट. नायट्रोजनमधून शून्य. दोन विहिरींचा गॅस सारख्याच घनमीटरला वेगळी भाकरी भाजतो. म्हणून मोठ्या व्यवहारात भाव एमएमबीटीयूला, म्हणजे उष्णतेला. एक एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. आमच्याकडे पाइपवर मीटरच्या जोडीला एक गॅस क्रोमॅटोग्राफ बसलेला असतो, तो दर काही मिनिटांनी चिमूटभर गॅस ओढून मिथेन किती, इथेन किती, नायट्रोजन किती हे सांगतो. मीटर, दाब, तापमान आणि तो, चौघांचं मिळून बिल.

मीटर म्हणाल तर आता बहुतेक ठिकाणी अल्ट्रासॉनिक. ध्वनी प्रवाहाच्या दिशेने लवकर पोचतो, उलट उशिरा. त्या फरकावरून वेग. पूर्वी, आणि अजूनही खूप ठिकाणी, ऑरिफिस: पाइपमध्ये भोक असलेली पोलादी तबकडी, अलीकडचा-पलीकडचा दाब मोजायचा. दिसायला अडाणी, पण तबकडीची धार नवी हवी. ती उलटी बसली तर मीटर कमी दाखवतं. एका प्लांटवर (कुठला ते विचारू नका) आम्ही तबकडी उलटी सापडलेली पाहिली आहे. कधीपासून उलटी होती यावर दोन कंपन्यांचे वकील बसले होते.

एलएनजीचं, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसचं जहाज म्हणजे दोन्हींचा संगम. उणे १६० अंशाच्या आसपासचं द्रव, टेप सोडायची सोय नाही, म्हणून टाकीत रडार. १,७४,००० घनमीटरच्या जहाजात साधारण ३८-३९ लाख एमएमबीटीयू मावतात. गंमत अशी की ते उतरवताना रिकाम्या होणाऱ्या टाकीत किनाऱ्यावरून वाफ परत भरावी लागते, नाहीतर पोकळी होईल. ती वाफही गॅसच, म्हणजे तिची उष्णता बिलातून वजा. आणि थोडं द्रव टाकीत ठेवूनच जहाज परत येतं, टाक्या थंड राहाव्यात म्हणून. विरजण ठेवतात तसं.

आणखी एक. आपल्या सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतल्या देशी गॅसचा भाव एप्रिल २०२३ पासून ठरतो भारतीय कच्च्या तेलाच्या बास्केटच्या (भारत घेतो त्या तेलांच्या सरासरी भावाच्या) १० टक्क्यांवर, खाली ४ डॉलरचा तळ आणि वर एक छत धरून; ते छत सुरुवातीला ६.५ डॉलरचं होतं. म्हणजे एमएमबीटीयूचा भाव बॅरलवरून! एका बॅरलमध्ये उष्णता असते सुमारे ५.८ एमएमबीटीयू. नुसत्या उष्णतेने जोडलं असतं तर १० नव्हे, १७ टक्के लागले असते. त्यामुळे पेपरात बॅरल वाचून पाइपच्या गॅसची काळजी करणं अगदीच वेडेपणाचं नाही.

फडताळ

बाई गं. वही काढून बसले. तपासून सांगा: सिलिंडरमधल्या गॅसची उष्णता किलोला साधारण ११,८०० किलोकॅलरी असं शोधलं. गुणिले १४.२ म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार. पाइपच्या गॅसला एससीएमला साडेनऊ हजार धरले तर एक सिलिंडर बरोबर सतरा-अठरा एससीएम. आमचा सिलिंडर दोन महिने जायचा. बिल पण दोन महिन्यांचं. आकडा आलाय १९. म्हणजे एक तर मीटर, नाहीतर सूनबाईंचा ओव्हन गॅसवरचा आहे तो.

आणि रिक्षावाला किलोत का?

दोहा_डायरी

हिशोब चोख. बँक दिसते.

सीएनजी २०० बारच्या आसपास (हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट) दाबलेला असतो, तिथे घनमीटर मोजणं म्हणजे डोकेदुखी. पंपावरचं मीटर थेट वस्तुमान मोजतं. आत वाकवलेली नळी थरथरत असते, तिच्यातून गॅस गेला की थरथर पिळवटते, त्यावरून किलो. एका किलोचे साधारण १.३५ ते १.४ एससीएम होतात.

तुमच्या मीटरबद्दल: ओव्हनला बोलायच्या आधी एक पाहा. घरचं मीटर आतल्या पिशव्या भरून-रिकाम्या करून मोजतं, त्याला तापमान कळत नाही. ३० अंशाला गॅस फुगून येतो, सुमारे ५ टक्के. उलट घरच्या पाइपात २१ मिलिबार जास्तीचा दाब असतो, तो २ टक्के परत देतो. म्हणजे मीटरवरचे १०० हे खरे तर ९७ एससीएम. बिलावर मीटरचा आकडा आणि एससीएम यांत गुणक लावलाय का ते बघा.

फडताळ

बघते. चष्मा आणि भिंग दोन्ही लागेल. भाच्याला शिक्षा म्हणून निळ्या पिंपात १५९ लिटर पाणी मोजून भरायला लावलंय, तिथे खूण करणार आहोत. लिटरचं माप घेऊन बसलाय गच्चीवर.

टेपवाला

पोराला कशाला दमवता, १५९ वेळा? काठोकाठ भरा आणि वरून सुमारे वीतभर रिकामं करा. आणि पाणी उन्हात तापलेलं नसू द्या.